खूण किती उरावी

तालुक्याच्या गावी मेडिकलच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहिलं की हा प्रश्न कानावर पडतोच. "ह्यानं डाग जाईल का हो?" विचारणारी बहुतेक वेळा आई असते. पोर भाजलेलं असतं, नाहीतर पोरीच्या गालावर टाके पडलेले असतात. दुकानदार एक ट्यूब पुढं करतो. तिच्यात कधी कांद्याचा अर्क असतो, कधी ई जीवनसत्त्व, तर कधी गोरेपणाच्या नावाखाली खपणारं स्टेरॉइडचं मलम. आई किंमत विचारते, जरा घुटमळते आणि घेते. तोवर जखम भरून चार-सहा महिने झालेले असतात.

अशा वेळी त्या बाईला बाजूला घेऊन बसावं आणि सगळं सविस्तर सांगावं असं मला फार वाटतं. व्रण किती ठळक उरणार हे बरंचसं जखम ओली असतानाच ठरून जातं. पहिल्या अर्ध्या तासात तिच्यावर काय घातलं, ती किती दिवसांत मिटली, मिटल्यावर त्या कातडीला किती ओढ बसली. उरलेलं काम पुढं वर्षभर चालू असतं. ट्यूबचा वाटा ह्यात लहान, आणि ती येते फार उशिरा.

मला हे शिकवलं माझ्या भाचीच्या हातानं. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं आमचं गाव. उन्हाळ्याचे दिवस, विहिरींनी तळ गाठलेला, गावाला टँकर लागलेला. सकाळी चुलीवर अंघोळीचं पाणी तापत होतं आणि शाळेत नुकतीच जायला लागलेली ही पोर पळत आली ती पातेल्यावरच. डाव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, उकळतं पाणी सांडलं. ओरडा ऐकून आळी गोळा झाली. एक म्हणाली हळद दाबा, एकीनं टूथपेस्ट आणली, कुणी शाईची बाटली शोधायला लागलं. माझ्या आईनं कुणाचंच ऐकलं नाही. तिनं पिण्याच्या पाण्याच्या रांजणावरचं झाकण काढलं, वहिनीच्या हातात तांब्या दिला आणि पोरीचा हात घमेल्यावर धरून बसली. वहिनी दोन तांबे ओतून थांबली, रांजणाकडं बघायला लागली. तेव्हा आई म्हणाली, "संपू दे पाणी. टँकर परवा यील. तू वत."

ह्या पाण्याची किंमत बाहेरच्या माणसाला कळायला जरा वेळ लागेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीनं पाणी लातूरला आणावं लागलं होतं, असा हा मुलूख आहे. पहिल्या खेपेला दहा डब्यांतून पाच लाख लिटर आलं. घागरींची रांग, घागरीवरून होणारी भांडणं, हे ज्यांनी जगलंय त्यांच्या घरात भाजलेल्या हातावर पिण्याचं पाणी ओतत राहणं सोपं नसतं. आणि भाजल्यावरचा सगळ्यांत परिणामकारक उपाय नेमका हाच आहे. साधं गार पाणी, वीस मिनिटं, शक्यतो वाहतं. भाजल्यापासून तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो, पण जितकं लवकर तितकं चांगलं. चटका देणारी वस्तू बाजूला झाली तरी कातडीत शिरलेली उष्णता लगेच जात नाही, ती खाली उतरत राहते. पाणी ती बाहेर खेचून घेतं. भाजणं वरच्या थरात थांबलं की कातडी आपली आपण सावरते, खोल गेलं की व्रण आलाच.

नळ नसेल तर तांब्यानं ओतावं, तेही नसेल तर स्वच्छ फडकं ओलं करून पुन्हा पुन्हा बदलावं. बर्फ मात्र नको. बर्फानं रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखावलेल्या कातडीचा आणखी घात होतो. लहान लेकराचं अंग गार पडू नये म्हणून भाजलेला भाग सोडून बाकीचं अंग पांघरुणात ठेवावं. एवढंच. ह्यात विकत घ्यावं असं काही नाही.

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. खेड्यापाड्यांतल्या माणसांसाठी उभं राहिलेलं. तिथल्या डॉक्टरांनी हात बघितल्यावर पहिलं वाक्य काढलं ते, "काही लावलं नाहीत, हे फार बरं केलंत." हळद, शाई, पेस्ट ह्यांनी जखमेचा रंग झाकला जातो, आणि भाजणं किती खोल आहे हे डॉक्टर बऱ्याच अंशी रंगावरूनच ओळखतात. लालसर, ओलं, दुखणारं असेल तर वरवरचं. पांढरट, कोरडं, बधिर असेल तर खोल. शिवाय स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते. हळदीवर संशोधन चालू आहे, त्यातून चांगलं औषध निघालं तर मला आनंदच होईल, पण उघड्या भाजलेल्या जखमेवर चमचाभर पूड दाबणं ही वेगळी गोष्ट आहे.

पुढं ड्रेसिंगचे आठवडे सुरू झाले. घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह असायचा की पट्टी सोडा, वारं लागू द्या, खपली धरू द्या. आम्ही सगळे ह्याच समजुतीत वाढलो. पण १९६२ साली जॉर्ज विंटर ह्या संशोधकानं डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं, की ओलसर झाकून ठेवलेली जखम उघड्यावर वाळवलेल्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगानं कातडी धरते. नव्या पेशींना सरकायला ओल लागते. कडक खपलीखाली त्यांना वाट शोधत खोलवरून जावं लागतं. म्हणून भरत आलेल्या छोट्या स्वच्छ जखमेवर साधी पेट्रोलियम जेली आणि वर पट्टी, हा उपाय आजचे त्वचारोगतज्ज्ञही सांगतात.

घाई कशाची, तर जखम मिटण्याची. भाजलेली जागा दोन आठवड्यांच्या आत भरली तर जाड व्रण उठण्याची भीती कमी असते. तीन आठवडे उलटले की ती खूप वाढते. म्हणूनच खोल भाजलेल्या जागी डॉक्टर वाट बघत न बसता दुसरीकडची कातडी लावायचा निर्णय घेतात. भाचीचा बहुतेक हात वेळेत मिटला. आज तिथं नीट बघितल्याशिवाय काही दिसत नाही. कोपराच्या आतल्या बाजूचा एक पट्टा तेवढा रेंगाळला. तिथून पुढची गोष्ट सगळी त्या पट्ट्याची.

जखम भरताना आत काय चालतं ते मला त्या वर्षात समजून घ्यावंच लागलं. आधी रक्त थांबतं. मग सूज येते, पांढऱ्या पेशी घाण साफ करतात. मग तंतुपेशी येऊन कोलॅजेन, म्हणजे कातडीला बळ देणारं धाग्यांसारखं प्रथिन, ओतायला लागतात, आणि हे काम त्या घाईनं करतात, कारण उघडी जखम म्हणजे जिवाला धोका. निरोगी कातडीत कोलॅजेनचे धागे बाजेच्या विणीसारखे एकमेकांत आडवेतिडवे गुंतलेले असतात. व्रणात ते एकाच दिशेला ओढून बसवलेले असतात. सुरुवातीचं कोलॅजेन तिसऱ्या प्रकारचं, कच्चं. पुढं महिनोन्‌महिने शरीर ते काढून पहिल्या प्रकारचं, पक्कं कोलॅजेन घालत राहतं. ही दुरुस्ती वर्षभर, कधी त्याहून जास्त चालते. तरीही व्रणाची ताकद मूळ कातडीच्या फार तर ८० टक्क्यांपर्यंत पोचते. त्या जागी घर्मग्रंथी येत नाहीत, केस येत नाहीत.

म्हणजे जखम मिटली त्या दिवशी आपण 'बरं झालं' म्हणतो तेव्हा आतलं काम अजून निम्मंही झालेलं नसतं. पुढच्या वर्षभरात त्या कामाला वळण लावता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्या पट्ट्याला मी रोज संध्याकाळी हात लावायची. आधी लालसर-जांभळा, कातडीपेक्षा उंच, हाताला रबरासारखा चिवट. अंगठ्यानं दाबलं की क्षणभर फिका पडायचा आणि सोडलं की कडेकडून रक्त परत भरत यायचं. फिका पडतोय म्हणजे आत अजून रक्तवाहिन्यांची गर्दी आहे, व्रण कच्चा आहे, असं फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवलं होतं. खाज मात्र रात्री सुटायची. "आत्या, आतून खाजवायलंय, वरून खाजवून जायनाच," असं ती रडवेली होऊन सांगायची. मग खोबरेल तेलाचं बोट घेऊन गोल गोल, जरा दाब देत चोळायचं. मालिशीनं व्रण सपाट होतो ह्याला भक्कम पुरावा नाही. पण खाज कमी होते, कातडी मऊ राहते, आणि लेकराला आपल्या त्या जागेची भीती वाटेनाशी होते. शेवटचं कारण मला पहिल्या दोघांइतकंच मोठं वाटतं. कोपर आखडू नये म्हणून रात्री हात सरळ ठेवणारी फळी बांधून झोपावं लागे. आखडलेला व्रण दिसायला वाईट असतोच, पण त्याहून वाईट म्हणजे तो सांधा अडवतो. पुढं घास तोंडाशी न्यायला किंवा वेणी घालायला तो हात लागतो.

उंच झालेल्या व्रणावर सगळ्यांत जास्त भरवसा ठेवावा असा घरगुती म्हणता येईल इतका सोपा उपाय म्हणजे सिलिकॉन. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी भाजल्याच्या व्रणांवर सिलिकॉनच्या मऊ पट्ट्यांचा उपयोग मांडला, आणि आज जगभर तो पहिला उपाय मानला जातो. सिलिकॉन कातडीत मुरत नाही. ते वरून ओल धरून ठेवतं. नवी कातडी पाणी फार लवकर गमावते, आणि ती कोरडी पडली की खालच्या तंतुपेशींना आणखी कोलॅजेन तयार करा असे संदेश जात राहतात. ओल टिकली की ते संदेश मंदावतात. अट अशी, की जखम पूर्ण मिटलेली हवी, पट्टी दिवसातले बारा तास तरी लावायला हवी आणि किमान दोन-तीन महिने चिकाटी हवी. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. घामानं पट्टी सुटते, खाली पुरळ उठतं. डॉक्टरांनी त्या दिवसांत पट्टीऐवजी जेल दिलं. पातळ थर, दोन वेळा, वाळू द्यायचा आणि वरून सुती बाही. थंडीत पुन्हा पट्टी.

मोठ्या भाजण्याला घट्ट दाबाचे कपडे देतात, दिवसातले तेवीस तास, महिनोन्‌महिने. दाबानं व्रण थोडा बसतो, हे खरं. पण परभणी-नांदेडच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत, पंख्याला वीज नाही अशा दुपारी अंगभर घट्ट कपडा घालून राहणारा रुग्ण काय सोसतो ह्याचा विचार कागदावर सल्ला लिहिताना व्हायला हवा. कपडा काढून ठेवणाऱ्याला निष्काळजी म्हणू नये.

उन्हाचा आणखी एक त्रास आहे. कच्चा व्रण उन्हात काळा पडतो आणि तो काळेपणा लवकर जात नाही. सनस्क्रीन परवडलं तर जरूर लावावं, तीसच्या पुढच्या एसपीएफचं. नाहीतर पूर्ण बाहीचं सुती झंपर, ओढणी, रुमाल. आपल्याकडच्या बायका शेतात नवऱ्याचा जुना शर्ट अंगात चढवतात, ती सवय व्रणासाठी उत्तमच.

ई जीवनसत्त्वाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण हिरव्या कॅप्सूल फोडून लावणं घरोघरी चालतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात बहुतेकांच्या व्रणाला त्यानं काही फायदा झाला नाही, आणि एकतृतीयांश लोकांना तर त्याच जागी पुरळ उठलं. कांद्याच्या अर्काचा पुरावाही लेचापेचाच आहे. बिब्ब्याचं तर नावच काढू नये. पायाला काटा मोडला, मुरगळलं, भेगा पडल्या की आमच्याकडं अजून बिब्बा तापवून लावतात. तो उतला की फोड येतात, कातडी जळते आणि जिथं कधीच काही उरलं नसतं तिथं जन्मभराचा काळा डाग राहतो.

ह्या बिब्ब्याची गंमत अशी की सुश्रुतानं तो कातडी काळी करायच्याच कामाला वापरला होता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, पहिल्याच अध्यायात, जखमेवरचे ६० उपक्रम सांगितले आहेत. त्यांतले काही जखम भरल्यानंतरचे. पांढऱ्या पडलेल्या व्रणाला कातडीच्या रंगाकडं न्यायचं, काळ्या पडलेल्याला उजळ करायचं, तिथं पुन्हा केस आणायचे. पांढरा व्रण काळा करायच्या कृतीत बिब्ब्याचं तेल आहे, पण ते दुधागोमूत्रात संस्कार करून काढलेलं, वैद्याच्या हातानं लावायचं. भरलेल्या जखमेची खूण देह असेपर्यंत जात नाही, हेही त्याच संहितेत लिहून ठेवलंय. खूण जाणार नाही हे ठाऊक असूनही त्या माणसानं तिचा रंग, तिचे केस ह्यांची काळजी वाहिली, ह्याबद्दल मला फार आदर वाटतो. ताज्या जखमेवर तूप-मध घालायचं तोच सांगतो. आणि मधाच्या बाबतीत आजचं विज्ञानही त्याच्या बाजूनं आहे. निर्जंतुक केलेल्या वैद्यकीय मधाच्या पट्टीनं मध्यम खोलीचं भाजणं नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा काही दिवस लवकर भरतं.

केलॉइड ही वेगळीच जात. साधा जाड व्रण जखमेच्या हद्दीत राहतो आणि काळाबरोबर थोडा बसतो. केलॉइड हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरतो. कानाची पाळी, छाती, खांदा, जबडा ह्या त्याच्या जागा. सावळ्या आणि काळ्या कातडीत तो जास्त होतो, म्हणजे आपल्यात. कान टोचल्यावर पाळीला गाठ आली की "कापून टाका" म्हणून लोक मागं लागतात. नुसती कापली तर पुष्कळदा ती परत येते, कधी आधीपेक्षा मोठी. गाठीत स्टेरॉइडची इंजेक्शनं, चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं, कधी गोठवणं, कधी कापल्यावर लगेच किरणोपचार, असे जोड-उपाय लागतात. घरात कुणाला केलॉइड असेल तर दुसऱ्या पोराचे कान टोचण्याआधी विचार करावा.

व्रणच उठू नये ह्या दिशेनं प्रयोगशाळांत जे चाललंय ते मी आशेनं वाचत असते. गर्भाच्या पहिल्या सहा महिन्यांच्या आत झालेली कातडीची जखम व्रणाशिवाय भरते, ह्यावरून हा शोध सुरू झाला. इंग्लंडमध्ये एका वृद्धिघटकाचं, म्हणजे पेशींच्या वाढीवर ताबा ठेवणाऱ्या प्रथिनाचं, इंजेक्शन काढून बघितलं, सुरुवातीच्या चाचण्या चांगल्या गेल्या, आणि २०११ मध्ये शेवटच्या मोठ्या चाचणीत ते पडलं. २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या काटेरी उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे उंदीर गमावलेली कातडी केसांसकट परत उगवतात. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की कातडीवरचा ताण ओळखून व्रण तयार करणाऱ्या पेशींचा तो इशाराच औषधानं अडवला, तर उंदरांची जखम केस आणि ग्रंथींसकट भरते. माणसापर्यंत ते यायला अवकाश आहे. पण त्यातला एक शब्द आपल्या कामाचा आहे, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. तो शब्द ताण.

आमच्या वस्तीवरची एक बाई दरवर्षी ऊसतोडीला जाते. तोडताना डाव्या हातात ऊस, उजव्यात कोयता, त्यामुळं घाव बसतो तो डाव्या हातावर. एका हंगामात तिच्या अंगठ्याच्या बेचक्यात कोयता बसला. टाके पडले. हाताच्या टाक्यांना दहा-बारा दिवस तरी निवांतपणा लागतो. तिला तो मिळाला नाही. खाडा केला की पैसे कापले जातात, उचल आधीच घेतलेली, मुकादम दारात. पट्टी बांधून ती मोळ्या बांधायला गेली. टाके उसवले, जखम फाकली, पुन्हा भरली, पुन्हा ओढली गेली. आज तिथं दोरीसारखा जाड व्रण आहे आणि अंगठा पूर्ण उघडत नाही. तिच्या व्रणाला कुठलं क्रीम हवं होतं असं कुणी विचारलं तर मी सांगेन, पंधरा दिवसांची भरपगारी सुट्टी. कातडीचं शास्त्रही हेच सांगतं. ओढल्या जाणाऱ्या जखमेत तंतुपेशी जास्त कोलॅजेन ओततात. सर्जन चेहऱ्यावर चीर देताना कातडीच्या नैसर्गिक ताणरेषा बघून देतात, अशा रेषा कार्ल लँगर ह्या शरीररचनातज्ज्ञानं १८६१ मध्ये नोंदवल्या. कोयत्याला त्या रेषा दिसत नाहीत. म्हणून नंतरची विश्रांती दुप्पट गरजेची.

जखमेची सुट्टी हंगामाच्या करारात लिहिलेली असावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात पट्टी आणि मलमाच्या शेजारी सिलिकॉनचं जेल असावं. ही मागणी मी ग्रामसभेत केली आहे आणि करत राहणार आहे. तोवर एक स्वस्त गोष्ट हाताशी आहे. टाके निघाल्यावर लावायची कागदी चिकटपट्टी, मेडिकलवर रोल मिळतो, थोड्या पैशांत. सिझेरियनच्या टाक्यांवर बारा आठवडे ही पट्टी लावलेल्या बायकांमध्ये जाड व्रण कमी उठल्याचं अभ्यासात दिसलं आहे. ती दुसरं काही करत नाही, कातडीवरची ओढ आपल्या अंगावर घेते. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील तेव्हा प्रत्येक कोयत्यामागं, म्हणजे तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीमागं, एक रोल द्यायचा असं आम्ही काही जणींनी ठरवलंय. टाके काढून जागा कोरडी, पूर्ण मिटलेली असेल तेव्हाच लावायची, व्रणाच्या लांबीवर, सरळ. धुताना ओढून काढायची नाही, आपोआप सुटू द्यायची, सुटली की नवी लावायची, निदान अडीच-तीन महिने. पुरळ आलं तर थांबायचं. हे सगळं चित्रं काढून एका कागदावर लिहायचंय, आणि चित्रं काढायचं काम भाचीनं मागून घेतलंय.